लाभ, दोन, तीन : पहिल्यांदाच श्वासावर ध्यान करणाऱ्यांसाठी

खळ्यावर ज्वारीची रास पडली की मोजायला आमचे आबा बसत. पायली शिगोशीग भरायची, पोत्यात रिकामी करायची आणि तोंडाने म्हणायचं, ‘लाभ’. एक म्हणायचं नाही, पहिलं माप लाभाचं. मग दोन, मग तीन. पुढची पायली भरेपर्यंत मागचाच आकडा तोंडात घोळवत राहायचा. मधे खडा दिसला, काडी दिसली तर उचलून बाजूला टाकायची, पण आकडा सुटू द्यायचा नाही. आम्ही पोरं मुद्दाम मधे काहीतरी विचारायचो. आबा नुसती मान हलवायचे आणि ‘सात, सात, सात’ चालूच.

पुढे तीस-पस्तीस वर्षांनी ‘विशुद्धिमग्ग’ चाळत होतो. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी पालीत लिहिलेला हा बौद्ध साधनेचा ग्रंथ. श्वास कसा मोजावा हे सांगताना त्यात दाखला दिलाय तो धान्य मोजणाऱ्याचा. तो माप भरतो, ‘एक’ म्हणत ओततो, पुन्हा भरताना दिसेल तो कचरा काढतो आणि ‘एक, एक’ म्हणत राहतो. वाचता वाचता मला खळ्यावर मांडी घालून बसलेले आबाच दिसले.

तेव्हापासून नव्या माणसाला मी ध्यान याच वाटेने शिकवतो. मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मास्तर होतो, आता निवृत्त आहे. योगाचार्य वगैरे नाही. संध्याकाळी ओसरीवर चार-दोन माणसं येऊन बसतात. कुणाला झोप येत नाही, कुणाला डॉक्टरांनी ‘टेन्शन कमी करा’ म्हणून सांगितलेलं असतं, कुणी नुसतंच आलेलं असतं. त्यांना जे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं ते इथे लिहितो.

श्वास घ्यायचा नाही, येतो तो बघायचा

आपल्याकडे श्वास म्हटलं की लोकांना टीव्हीवरची कपालभाती आठवते. बसल्याबरोबर छाती फुगवतात, डोळे घट्ट मिटतात आणि भात्यासारखा आवाज काढायला लागतात. ते प्राणायामाचं अंग झालं. प्राणायामात श्वासाला वळण लावायचं असतं. आपण जे करणार आहोत त्याला आनापान म्हणतात, म्हणजे आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास. इथे त्याला वळण लावायचं नाही, नुसतं जाणायचं. मज्झिम निकाय या बुद्धांच्या उपदेशांच्या संग्रहातल्या आनापानसति सुत्तात याचे सोळा टप्पे सांगितलेत. त्यातल्या पहिल्या दोनांत एवढंच आहे की श्वास लांब असेल तर लांब आहे हे जाणावं, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणावं. लांब करा, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही.

हे न कळल्यामुळे मी पहिल्याच दिवशी फजिती करून घेतली. कुणाला न विचारता, मोबाइलवर काहीतरी बघून, दार लावून बसलो आणि शक्य तेवढे खोल श्वास भराभर घेत सुटलो. दोन-तीन मिनिटांत बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, डोकं गरगरायला लागलं. मला वाटलं काहीतरी जागृत झालं! बायकोने दार ठोठावून उघडायला लावलं, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाली, ‘‘काहून करायले हे उगं?’’ जागृत काही झालं नव्हतं. जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरतं. तुमच्यावर ही वेळ आली तर घाबरू नका. उठू नका, बसल्या जागी श्वास त्याच्या मनाप्रमाणे चालू द्या. काही मिनिटांत सगळं जागेवर येतं.

पहिली पायरी : भिंत आणि वेळ

‘शांत जागी बसा’ असं सगळेच लिहितात. आपल्याकडे घरात वेगळी खोली कुणाला आहे? दोन खोल्यांत सहा माणसं, वर पत्रा, शेजारी पिठाची गिरणी. म्हणून मी जागा शोधायला सांगत नाही, भिंत शोधायला सांगतो. घरातली सगळ्यात थंड भिंत कोणती हे घरातल्या मांजराला आणि आजीला बरोबर माहीत असतं. तिच्याजवळ, पण तिला न टेकता बसायचं. गावाकडे माळवदाचं घर टिकून असेल तर प्रश्नच नाही. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती मे महिन्यातही आत गारवा धरून ठेवतात.

अजिंठ्याला कधी गेलात तर १२ क्रमांकाच्या लेण्यात जरूर डोकवा. तिथे एकही चित्र धड उरलेलं नाही, म्हणून लोक पुढे पळतात. भिक्खूंच्या राहण्याच्या लहान लहान खोल्या आहेत, प्रत्येकीत दगडातच कोरलेले दोन ओटे. वाघूर नदीच्या त्या घळीत उन्हाळा काही कमी नसतो, पण खोलीत शिरलं की फरक लगेच कळतो. त्या माणसांनीसुद्धा आधी भिंतच बघितली असणार. (अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. एसटीचं भाडं वाया घालवू नका.)

वेळ सकाळची, तोंड धुतल्यावर आणि चहाच्या आधी. चहा झाला की पेपर येतो, पेपर झाला की फोन येतो. रात्री भाकरी-पिठलं खाऊन बसाल तर पाचव्या श्वासाला घोराल. सकाळी जमतच नसेल तर संध्याकाळी, दिवेलागणीला, जेवणाआधी. ज्या दिवशी नळाला पाणी येणार असेल त्या दिवशी ध्यानाचा हट्ट धरू नका. आठ दिवसांनी येणारं पाणी सोडून डोळे मिटून बसलेल्या माणसाला घरातले काय म्हणतील ते ऐकून तुमची शांतता महिनाभर परत येणार नाही. त्या दिवशी तीन मिनिटं पुरेत.

दुसरी पायरी : बूड

बसण्याचं सगळं गणित एकाच गोष्टीत आहे. गुडघे कमरेपेक्षा खाली राहिले पाहिजेत. नुसत्या सतरंजीवर मांडी घातली की आपल्यापैकी बहुतेकांचे गुडघे वर राहतात, मग कंबर मागे झुकते, पाठीला पोक येतो आणि दहा मिनिटांत माणूस वैतागतो. वाकळ चार घड्या करून फक्त बुडाखाली घ्या. पाय जमिनीवरच राहू द्या. गुडघे आपोआप खाली येतात आणि पाठ जोर न लावता सरळ होते.

गुडघ्यांनी जबाब दिला असेल तर खुशाल खुर्चीवर बसा. प्लॅस्टिकची खुर्ची चालते, फक्त पाठीमागे रेलायचं नाही आणि दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. बाजेवर मात्र बसू नका. ती मधे खोलगट होते, त्यात बसलेल्या माणसाचा कणा सरळ राहतच नाही, आणि दहापैकी नऊ जण थोड्या वेळाने आडवे होतात.

हात मांडीवर, जसे पडतील तसे. बोटांच्या मुद्रेचं काही नाही. डोळे अलगद मिटा; मिटवत नसतील तर समोर दोन हातांवर जमिनीकडे नजर सोडून ठेवा. पाच मिनिटांचा गजर लावून मोबाइल लांब, पिठाच्या डब्यावर ठेवा. मांडीखाली ठेवलेला मोबाइल न वाजताही वाजल्यासारखा वाटतो.

तिसरी पायरी : दरवाजा

आता श्वास बघायचा कुठे? नाकाच्या टोकाशी, नाकपुड्यांच्या कडेला आणि वरच्या ओठाच्या वर जिथे हवा लागते तिथे. आत गेलेल्या श्वासाच्या मागे छातीत, पोटात जायचं नाही. बाहेर गेलेल्याच्या मागे अंगणात जायचं नाही.

यालाही विशुद्धिमग्गात सुंदर दाखला आहे, शहराच्या वेशीवरच्या दरवानाचा. तो गावात शिरलेल्यांच्या मागे फिरत नाही, गावाबाहेर कोण उभं आहे त्याची चौकशी करत नाही. दारातून जाणारा-येणारा तेवढा बघतो. छत्रपती संभाजीनगरला बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात, तिथल्या माणसाला हा दाखला फोड करून सांगावा लागत नाही. भडकल गेटच्या कमानीखाली उभं राहायचं ठरवलं, तर कुणी पैठण गेटपर्यंत माणसाच्या मागे जात नाही.

एक गंमत सांगतो. ध्यानाच्या बहुतेक पुस्तकांत लिहिलेलं असतं की येणारा श्वास थंड लागतो, जाणारा गरम. पुस्तक लिहिणारे मे महिन्यात परभणीला पत्र्याखाली बसलेले नसावेत. बाहेर ४२-४३ अंश असतं तेव्हा आत येणारी हवा अंगापेक्षा गरम असते, कारण अंगाचं तापमान ३७च्या आसपास. तेव्हा येणारा श्वास भाजतो आणि जाणारा त्यामानाने गार आणि ओलसर लागतो. एक शिष्य माझ्याकडे काळजीने आला, ‘‘सर, माझं उलटं होतंय.’’ त्याचं उलटं होत नव्हतं. उलट तो खरं काय आहे ते बघत होता. मी त्याला त्या दिवशी दोन आंबे दिले.

दोन्ही नाकपुड्या सारख्या चालत नाहीत, हेही लगेच लक्षात येईल. एक मोकळी, दुसरी थोडी बंद, आणि काही तासांनी अदलाबदल. निरोगी माणसाच्या नाकाची ही रोजची पाळीच आहे, सर्दी नव्हे. एका बाजूने श्वास जाणवला तरी पुरे. आणि नाकाशी काहीच कळत नसेल तर चार-दोन दिवस पोटावर हात ठेवून त्याचं वर-खाली होणं बघा. काही परंपरांत पोटावरच लक्ष ठेवायला शिकवतात, त्यात कमीपणा नाही. फक्त एकाच बैठकीत नाक आणि पोट अशा खेपा घालू नका.

चौथी पायरी : माप

श्वास आत आला, बाहेर गेला, की मनात म्हणायचं ‘लाभ’. पुढचा आत आला, बाहेर गेला, ‘दोन’. असं दहापर्यंत, आणि पुन्हा लाभापासून. पाचाच्या आत थांबायचं नाही आणि दहाच्या पुढे जायचं नाही, असं जुनं गणित आहे. पाचाच्या आत मन कोंडल्यासारखं होतं आणि दहाच्या पुढे ते श्वास सोडून आकड्यांच्याच नादी लागतं.

स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. १५ धरले तर दहाचं एक माप ४० सेकंदांत होतं. पाच मिनिटांत सात-आठ मापं, बस. एवढंसंच काम आहे. आणि तरीही पहिल्या आठवड्यात सलग एक माप पुरं होणं मुश्कील असतं. तिसऱ्या श्वासाला मन मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोचलेलं असतं.

आकडा सुटला तर? लाभापासून सुरू. सहावर होतो की सातवर, याचा शोध घेत बसायचं नाही. एकदा बारावीतला एक पोरगा फुशारकीने म्हणाला, ‘‘सर, मी बेचाळीसपर्यंत गेलो.’’ बेचाळीसपर्यंत तो गेलाच नव्हता, आकडे एकटेच गेले होते. दहाची वेस ओलांडली गेली याचाच अर्थ मोजणारा जागेवर नव्हता. अशा वेळी हसायचं आणि ‘लाभ’ म्हणायचं.

काही जण विचारतात, ‘एक’ म्हटलं तर नाही का चालत? चालतं की. पण नापास झाल्यासारखं ‘पुन्हा एकपासून’ म्हणण्यात आणि ‘लाभ’ म्हणण्यात फरक पडतो, असा माझा अनुभव आहे. शंभरदा परत आलात तर शंभरदा लाभ.

पाचवी पायरी : खडे

विचार येणार. सोयाबीनचा भाव, सोसायटीचं कर्ज, पोरीचं स्थळ, भावकीतला बांध, लातूरला नीटच्या क्लासला ठेवलेल्या पोराची फी. खळं कितीही शेणाने सारवलेलं असलं तरी ज्वारीत खडे येतातच. त्यासाठी कुणी रास नासली म्हणत नाही.

खडा दिसला की करायचं काय, तर दिसला एवढं म्हणायचं आणि बाजूला ठेवायचा. मनात एक शब्द म्हटला तरी चालतो: ‘कर्ज’, ‘राग’, ‘उद्याचं’. मग परत दारावर. खडा हातात घेऊन तो कुठल्या नदीतला, कुणी टाकला, आपल्याच राशीत का आला, याची चौकशी लावायची नाही. नवीन माणूस नेमकं हेच करतो. एखादा विचार फार महत्त्वाचा वाटतो: ‘‘हे आत्ताच सुचलं, विसरेन.’’ विसरणार नाही. आणि विसरलात तर तो तेवढा महत्त्वाचा नव्हता. मी सुरुवातीला शेजारी वही ठेवायचो, सुचलेलं टिपून घ्यायला. आठवड्याभरात लक्षात आलं की मी ध्यानाला बसतच नव्हतो, वही लिहायला बसत होतो.

पहिल्या आठवड्यात एक तक्रार हमखास येते की ध्यानाने डोकं शांत होण्याऐवजी जास्तच गजबजलंय. गजबज आधीपासूनच होती. कूलर दिवसभर चालू असतो तेव्हा त्याचा आवाज कानाला लागत नाही, बंद झाल्यावर कळतं किती मोठा होता. तसंच हे आहे. घाबरून सोडू नका. बहुतेक लोक नेमके याच आठवड्यात सोडतात.

पहिला आठवडा रोज पाच मिनिटं, दुसरा-तिसरा दहा, महिन्याअखेरीस जमलं तर वीस. रविवारी तासभर बसणाऱ्यापेक्षा रोज पाच मिनिटं बसणारा पुढे जातो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की त्यावर वाद घालत नाही. दोन-एक महिन्यांनी सात-आठ मापं न सुटता होऊ लागली की मोजणी सोडून द्या. मग नुसता दरवाजा. घाई मात्र नको. मी स्वतः वाईट दिवशी अजूनही मोजतो.

आवाज, झोप, डास आणि बाकीचं

आवाजाचं सगळ्यात जास्त विचारतात. भोंगा, घंटागाडी, कुकर, ट्रॅक्टरवरची गाणी, शेजारच्या लग्नाचा डीजे. आवाज म्हणजे बाहेरून आलेला खडा. ‘आवाज’ म्हणा आणि परत दारावर. एक युक्ती मात्र सांगतो, आमच्या ओसरीवरचीच आहे. लाईट गेली की पंखा हळूहळू थांबतो आणि घरात एक क्षण सगळे गप्प होतात, बघा. मग कुणीतरी ‘गेली का’ म्हणतं. तो एक क्षण आम्ही घंटेसारखा वापरतो. लाईट गेली की जो जिथे असेल तिथे तीन श्वास. उन्हाळ्यात दिवसातून चार-पाच वेळा फुकटात सराव होतो. वीज मंडळाला शिव्या घालायला नंतर भरपूर वेळ असतो.

झोप येत असेल तर डोळे अर्धे उघडा, कणा सरळ करा, तरीही येत असेल तर झोपा. कापूस वेचणीच्या, राशीच्या दिवसांत अंग दमलेलं असतं, त्याला आधी झोप द्या. पायाला मुंग्या आल्या तर सावकाश पाय बदला, मोडत नाही काही. डासांसाठी मच्छरदाणीत बसा. सोयाबीनची मळणी चालू असताना धूळ इतकी उडते की नाक चोंदतं. त्या दिवसांत आधी कोमट पाण्याने नाक-तोंड साफ करा, नाहीतर सरळ पोटावर लक्ष ठेवा. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी औषध, पंप काही बंद करू नये. ध्यान हा त्याला पर्याय नाही.

‘आम्ही नामस्मरण करतो, मग हे कशाला?’ असंही विचारतात. जनाबाईंचं गंगाखेड आमच्याच जिल्ह्यात, नामदेवांची नरसी शेजारी हिंगोलीत. इथे राहून कुणाला नाम सोडा म्हणायची माझी प्राज्ञा नाही. नाम नामाच्या वेळी घ्या. या दहा मिनिटांत मात्र ते बाजूला ठेवा, कारण नाम सुरू झालं की मन नामाला धरतं आणि श्वास मागे राहतो. माझ्या ओसरीवर माळकरी येतात, विहारात जाणारे येतात, नमाज पढून येणारे एक टेलरमास्तरही येतात. त्यांची मोजणी सगळ्यात पक्की आहे. मापाची सवय!

दिवसभरात

बैठक मुरायला लागली की श्वास भलत्याच ठिकाणी मदतीला येतो. एसटी स्टँडवर दोन तास गाडी नाही तेव्हा. मोंढ्यात लिलावाला आपल्या मालाजवळ व्यापारी येऊन मुठीत दाणे घेतो, नाक मुरडतो, तेव्हा. परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर हातात पडण्याआधी. अशा वेळी डोळे मिटायची गरज नाही. तीन श्वास दारावर बघायचे.

इथे थोडी ढवळाढवळ चालेल: बाहेर जाणारा श्वास जरा सावकाश सोडा. याला साधं कारण आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. हे काम व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत चालतं. पटत नसेल तर मनगटावर दोन बोटं ठेवा, सावकाश श्वास घ्या-सोडा आणि नाडी बघा. तरुण पोरांत फरक चांगला कळतो. शाळेत ‘मित्र उपक्रमा’त परिपाठानंतर मुलांना दहा मिनिटं आनापान द्यायचो, तेव्हा हा प्रयोग करून दाखवला की शेवटच्या बाकावरचेही गप्प व्हायचे. लांब सोडण्याची ही युक्ती हे अडीअडचणीचं हत्यार समजा, सकाळच्या बैठकीत ती आणू नका.

कुणी जपून

हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. श्वासाकडे लक्ष दिलं की काहींची धडधड कमी होण्याऐवजी वाढते. ज्यांना आधीच छातीत धडधडून घाबरं होण्याचा त्रास आहे, ज्यांनी काही भयंकर पाहिलंय, त्यांच्या बाबतीत असं होऊ शकतं. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चार वाजायच्या सुमाराला झाला. त्या भागातल्या एक मावशी माझ्याकडे आल्या होत्या. पहाटे, अंधारात, डोळे मिटून बसायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. त्यांना मी दिवसा, अंगणात, उघड्या डोळ्यांनी बसवलं. श्वास नाही, तळव्यांना लागणारी जमीन तेवढी जाणायची. महिनाभर त्यांनी तेच केलं. पुढे श्वासावर आल्या की नाही हे मी विचारलंही नाही. त्यांचं बसणं सुरू होतं.

तेव्हा बसल्यावर भीती वाढत असेल, रडू थांबत नसेल, जगण्यात राम वाटत नसेल तर एकट्याने रेटू नका. सरकारची ‘टेली-मानस’ ही फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास आणि मोफत, मराठीत बोलता येतं. मनाच्या डॉक्टरकडे जायला लाजू नका आणि ध्यान सुरू केलं म्हणून त्यांच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. बीपी, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर श्वास कोंडून धरण्याच्या कसल्याच प्रकारात पडू नका. या पद्धतीत तो कुठेच कोंडायचा नसतो.

पुढे शिकायचं असेल तर

तीन-चार महिने घरी बसल्यावर कुणाला खोलात जावंसं वाटलं तर विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर आहे. सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशात आपले गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले आणि १९६९पासून त्यांनी भारतात शिबिरं सुरू केली. इगतपुरीचं धम्मगिरी हे त्यांचं मोठं केंद्र, मनमाड-नाशिकमार्गे रेल्वेने जाता येतं. पहिले तीन दिवस नुसतं आनापान असतं, नाकाच्या दारावर. राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत. आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर खर्च चालतो. दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन, मोबाइल जमा, पहाटे चारला घंटा. माझं स्पष्ट मत असं की ज्याने घरी पाच मिनिटं कधी बसून पाहिलेलं नाही त्याने थेट तिकडे पळू नये. गेलेले तिसऱ्या दिवशी परत आलेलेही मी पाहिलेत, आणि मग ते आयुष्यभर ‘आपल्याच्याने होत नाही’ म्हणत बसतात. ज्यांना मनाचा मोठा आजार आहे त्यांनी अर्जात तो लपवू नये.

धर्माचा संबंध न ठेवता, दवाखान्याच्या अंगाने शिकायचं असेल तर अमेरिकेतल्या जॉन कबाट-झिन यांनी १९७९मध्ये सुरू केलेला आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे, त्यात श्वासाबरोबर अंगभर लक्ष फिरवणं आणि सोपी योगासनं असतात. शहरांतले काही समुपदेशक तो शिकवतात. महाग असेल तर सोडून द्या. श्वास तोच आहे.

उठायचं कसं ते राहिलं. गजर वाजला की झटकन उठू नका. आधी बोटं हलवा, मग मान, मग डोळे उघडा. पाय लांब करा, मुंग्या उतरू द्या. वाकळ घडी करून ठेवा. एवढ्यात बाहेर बादल्यांचा आवाज आला तर समजा नळ आला, आणि पळा.